यंत्राआधीची पन्नास वर्षं

यशवंतपूर, बंगळूर
रविवार, सकाळ

चि. बाळास,

तू सुखरूप पोचलास असा अक्काचा फोन आला. परवा रात्री जेवताना तू जे बोललास ते तेव्हापासून डोक्यात घोळतंय. फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतोस आणि विषय तिथेच राहतो. म्हणून लिहायला बसलो. सावकाश वाच.

तुमकूर रोडच्या प्रदर्शनातून तू घरी आलास तेव्हा तुझ्या हातात तो ॲल्युमिनियमचा इम्पेलर होता. जर्मन मशीनने तुझ्यासमोर कोरून काढलेला, स्टॉलवरच्या माणसाने आठवण म्हणून दिलेला. तो तू ताटाशेजारी ठेवलास आणि दर दोन घासांनी उचलून बघत होतास. मीही बघितला. पात्याच्या मुळाशी बोट फिरवलं, कुठे टूलची पायरी लागली नाही. ज्याने चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढली त्याला असा जॉब हातात आला की किती बरं वाटतं, हे तुला सांगायला नको. मग तू म्हणालास, “मामा, हे त्यांच्या रक्तातच आहे. आपल्याला जमायचं नाही. निदान मशीन तरी त्यांचं आणू.” आणि अक्काच्या नावावरची उसाची जमीन तारण ठेवून दीड कोटींचं कर्ज काढायचा बेत सांगितलास. तुझ्या मामीने आमटी वाढता वाढता माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसलो. तेव्हा बोललो असतो तर रागाने बोललो असतो.

आधी त्या ‘रक्ता’बद्दल. १८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला असंच मोठं प्रदर्शन भरलं होतं. जर्मनीतर्फे फ्रान्झ रोलो हे प्राध्यापक तिथे परीक्षक होते, यंत्रांच्या गतिशास्त्रातलं फार मोठं नाव. आपल्या देशाचा माल बघून त्यांनी मायदेशी कळवलं की आपला माल स्वस्त आहे आणि वाईट आहे. जर्मनीत त्यावरून केवढा गदारोळ झाला! पुढे १८८७ साली इंग्लंडने कायदा केला की परदेशी मालावर तो कुठल्या देशाचा ते छापलंच पाहिजे. शेफिल्डच्या नावाने खपणाऱ्या हलक्या जर्मन चाकू-सुऱ्यांपासून इंग्रज गिऱ्हाइकाने सावध राहावं, हा त्यामागचा एक हेतू. आज ज्या ‘मेड इन जर्मनी’साठी तू दुप्पट पैसे मोजायला निघालास, तो शिक्का मुळात धोक्याची पाटी होता. आपण आज चिनी मालाबद्दल जे बोलतो तेच तेव्हा इंग्लंडात जर्मन मालाबद्दल बोलत होते. तेव्हाही रक्त हेच होतं, बाळ.

मग काय होतं त्यांच्याकडे? मी यावर बरीच वर्षं वाचतोय आणि माझं मत असं झालंय की मशीन उभं राहण्याआधीची पन्नास-साठ वर्षं बघितल्याशिवाय मशीन कळत नाही.

तुला जकात नाका आठवतो का? मी नवीन नवीन नोकरीला लागलो तेव्हा कोल्हापूरच्या कास्टिंगचा ट्रक घेऊन बंगळूरला यायचो. सरहद्दीवरच्या एका नाक्यावर एकदा आमची गाडी दीड दिवस उभी होती. कागदावरचं वजन आणि काट्यावरचं वजन जुळत नव्हतं, फरक जेमतेम एका पोत्याएवढा. ड्रायव्हर टायरच्या सावलीत झोपला, मी चहाच्या टपरीवर बसून राहिलो आणि इकडे लाइन बंद पडली. आता १ जुलै २०१७ पासून ते नाके गेले. तुझ्या मुलांना ते काय होतं हे सांगूनही कळणार नाही.

तसा नाका प्रत्येक पंचवीस-पन्नास मैलांवर आहे अशी कल्पना कर. नेपोलियन गेल्यावर जर्मनी नावाचा एक देशच नव्हता. एकोणचाळीस राज्यं, ज्याची त्याची जकात, वेगळी नाणी, वेगळी मापं. बर्लिनहून स्वित्झर्लंडला माल न्यायचा तर दहा राज्यं ओलांडायची आणि दहा वेळा जकात भरायची, अशी तक्रार फ्रीडरिश लिस्ट नावाच्या माणसाने १८१९ साली व्यापाऱ्यांच्या वतीने मांडली. प्रशियाने १८१८ मध्ये आपल्या राज्यातले आतले नाके काढून टाकले. मग शेजाऱ्यांशी एकेक करार करत १ जानेवारी १८३४ ला अठरा राज्यांचा जकात-संघ झाला, त्सोलफेराइन. सव्वादोन कोटींहून जास्त माणसांची एक बाजारपेठ. लक्षात घे, तेव्हा बिस्मार्क अठरा वर्षांचा पोरगा होता. देश एक व्हायला अजून सदतीस वर्षं होती. बाजार आधी एक झाला.

पुढच्याच वर्षी, १८३५ च्या डिसेंबरात, न्युरेंबर्ग ते फ्युर्थ अशी त्यांची पहिली रेल्वे धावली. सहा किलोमीटर. इंजीन स्टीफन्सनच्या इंग्लंडमधल्या कारखान्यातलं आणि ते चालवणारा माणूसही इंग्रज. आपली बोरीबंदर-ठाणे १८५३ सालची, चौतीस किलोमीटर, इंजिनं अर्थातच विलायतेची. म्हणजे ते आपल्या पुढे होते जेमतेम अठरा वर्षं. पण बर्लिनमध्ये बोर्सिग नावाच्या माणसाने १८४१ साली स्वतःचं इंजीन बनवलं. पहिल्या गाडीनंतर सहा वर्षांत! आपल्याकडे अधूनमधून एखाद्या रेल्वे वर्कशॉपमध्ये इंजीन बांधलं गेलं, पण इंग्रजांचं राज्य असेपर्यंत बहुतेक इंजिनं बाहेरूनच आली. चित्तरंजनचा कारखाना सुरू झाला १९५० ला. बोर्सिगच्या हातात होतं आणि आपल्या मिस्त्रीच्या हातात नव्हतं असं काय होतं? हात दोघांचे चांगलेच होते. बोर्सिगकडून इंजीन विकत घेणारी रेल्वे त्याच्या देशातल्या माणसांची होती आणि तिला ते त्याच्याकडून घ्यावंसं वाटत होतं. आपल्याकडे ऑर्डर कुणाला द्यायची हे लंडनमध्ये ठरत होतं.

यातलं बरंचसं मला जर्मन पुस्तकांतून कळलेलं नाही. ते कळलं न्यायमूर्ती रानड्यांमुळे. निफाडला जन्मलेला हा माणूस १८९२ साली डेक्कन कॉलेजमध्ये हिंदुस्थानच्या अर्थशास्त्रावर बोलायला उभा राहिला, तेव्हा त्याने इंग्रजी अर्थशास्त्राच्या समोर हाच लिस्ट ठेवला होता. लिस्टचं म्हणणं असं की प्रत्येक देशाचा काळ वेगळा असतो. जो मागून निघालाय त्याला पुढच्याचे नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत. उद्योग लहान असताना त्याला जकातीचा आधार द्यावा, आणि तो चालायला लागला की काढून घ्यावा. आपल्या भाषेत सांगायचं तर पांगुळगाडा. आता तू म्हणालास की चिनी कास्टिंगवर कायमची बंदी घाला. पांगुळगाड्यातच वाढलेल्या पोराचे पाय कसे होतील? लिस्टनेही ‘कायमची’ म्हटलेलं नाही. या लिस्टला स्वतःच्या देशात काय मिळालं तर तुरुंग आणि देशत्याग. अमेरिकेत जाऊन कोळसा आणि रेल्वेच्या धंद्यात पडला, परत आला, १८४१ ला पुस्तक लिहिलं आणि १८४६ साली त्याने स्वतःचा जीव घेतला. जकात-संघ झाला, रेल्वे झाल्या, पण ज्याने त्यासाठी गळा सुकवला तो कर्जात आणि आजारपणात गेला. मला त्या माणसाबद्दल फार वाटतं.

एक साल तू लिहून ठेव, १८७९. त्या वर्षी बिस्मार्कने लोखंडावर आणि धान्यावर जकात बसवली, आपल्या कारखानदारांना आडोसा म्हणून. आणि त्याच वर्षी व्हाइसरॉय लिटनने स्वतःच्या कौन्सिलचा विरोध डावलून जाड्याभरड्या सुती कापडावरची आयात जकात काढली, मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी. पुढे १८९६ साली तर आपल्याच गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसवला. दोन्हीकडे सरकारच होतं. कुणाचं होतं, एवढाच फरक.

म्हणून आपल्याकडे जिथे संस्थानिक थोडे मोकळे होते तिथे कोंब फुटले हे बघ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींपासून सुरुवात केली, नांगर केले, शेतकरी म्हणायचे लोखंडाने जमीन नासते. बेळगावची जागा गेली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी १९१० साली कुंडल रोडजवळ माळरान दिलं, उसने पैसे दिले, आणि त्या निवडुंगात किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच घराण्याने १९४६ साली इथे बंगळूरात विजेच्या मोटारींचा कारखाना काढला.

आणि माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर साबणाचा कारखाना आहे. तू मेट्रोने आलास तेव्हा यशवंतपूरच्या शेजारचं ‘सँडल सोप फॅक्टरी’ स्टेशन बघितलंस ना? पहाटे वारा तिकडून असला की आमच्या गॅलरीत चंदनाचा वास येतो. या वासाच्या मुळाशी जर्मनी आहे. म्हैसूरचं चंदन पूर्वी ओंडक्यांनी लिलावात जायचं आणि त्यातलं पुष्कळसं जर्मनीत जाऊन त्याचं तेल निघायचं. झाड आपलं, तेल त्यांचं. १९१४ साली महायुद्ध पेटलं, बोटी थांबल्या आणि म्हैसूरच्या गुदामांत चंदनाचा ढीग पडून राहिला. तेव्हा दिवाण होते विश्वेश्वरय्या. ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले, खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवलेले, आणि पुण्यात असताना रानड्यांना ओळखणारे. त्यांनी ढीग विकायला दुसरं गिऱ्हाईक शोधलं नाही. पलीकडे टाटांची विज्ञानसंस्था १९०९ पासून होती, म्हैसूरच्या महाराजांनीच दिलेल्या ३७१ एकरांवर. तिथल्या सडबरो आणि वॉटसन या रसायनज्ञांनी तेल काढायची पद्धत बसवून दिली, १९१६ ला तेल निघू लागलं. शास्त्री नावाच्या तरुण रसायनज्ञाला साबण शिकायला इंग्लंडला पाठवलं. साबणाचा कारखाना आधी शहरात होता, १९५७ साली इथे आमच्या यशवंतपुरात आला.

ढीग पडला म्हणून साबण झाला असं मात्र समजू नकोस. ढीग पडायच्या आधीपासून गावात प्रयोगशाळा होती, हे त्यातलं खरं. मी तुला जे सांगायला बसलोय ते सगळं या एका गोष्टीत आहे.

जर्मनांनी हेच आपल्या कितीतरी आधी केलं. लीबिश नावाचा माणूस १८२४ साली गीसनसारख्या लहान गावात प्राध्यापक झाला आणि त्याने विद्यार्थ्यांना पुस्तकाऐवजी प्रयोगाच्या टेबलापुढे उभं केलं. कार्ल्सरूहला १८२५ मध्ये तंत्रशिक्षणाची शाळा निघाली, बर्लिनला त्याच्याही आधी. १८५६ साली लंडनमध्ये पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाला डांबरापासून जांभळा रंग सापडला. शोध इंग्रजांचा, पण त्याच्यावरचा धंदा गेला जर्मनांकडे. बायर आणि होक्स्ट १८६३, बीएएसएफ १८६५. कारखान्यांना लागतील तेवढी शिकलेली पोरं तिथे तयार होती. निळीचा रेणू प्रयोगशाळेत तयार झाल्यापासून ती नीळ बाजारात विकायला १८९७ साल उजाडलं, मध्ये सतरा वर्षं गेली. सतरा वर्षं खर्च सोसून एक कंपनी एकाच प्रश्नावर बसली होती! आणि ती नीळ बाजारात आली तेव्हा आमच्या बिहारमधली निळीची शेती बसली, मळेवाल्यांनी स्वतःचा तोटा कुळांच्या माथी मारला, खंड वाढवले, आणि १९१७ ला गांधीजींना चंपारणला जावं लागलं. त्यांच्या प्रयोगशाळेचं बिल आमच्या कुळाने भरलं, हेही विसरू नये.

ही सतरा वर्षं कंपनी कशी थांबू शकली? त्यांच्याकडे पैसा थांबत होता. डार्मश्टाटला १८५३ साली अशी बँक निघाली की ती कारखान्याला लांब मुदतीचं भांडवल देई, त्याचे शेअर स्वतः घेई आणि आपला माणूस संचालक मंडळात बसवी. धंदा बुडाला तर बँकही बुडणार, म्हणून ती बरोबर चालायची. तुला जो पैसा मिळतोय तो तसला नाही. तुला सहा महिन्यांनी हप्ता सुरू होईल. तू आणायचं म्हणतोस त्या पाच अक्षांच्या मशीनवर काम करणारा प्रोग्रॅमर तयार व्हायला दीड वर्ष लागतं. मधलं वर्ष कोण भरणार? अक्काची जमीन.

जमिनीचं निघालं म्हणून सांगतो. प्रशियाने १८०७ साली कुळांना वेठबिगारीतून मोकळं केलं, १८१० ला ज्याला जो धंदा करायचा तो करू दिला. पुस्तकांत याला सुधारणा म्हणतात आणि ती होतीच. पण स्वातंत्र्याच्या बदल्यात कुळाला आपल्या जमिनीचा तिसरा हिस्सा, कुठे कुठे निम्मा, जमीनदाराला द्यावा लागला. उरलेल्या तुकड्यावर भागेना म्हणून माणसं बाहेर पडली. पुढे बर्लिनच्या कारखान्यांत आणि रूरच्या कोळशाच्या खाणींत जी माणसं उतरली, त्यांत अशांची पोरं-नातवंडं होती. रानड्यांनी १८८३ साली या प्रशियन जमीन कायद्यांवर लिहिलं होतं, इतकं त्यांना ते जवळचं वाटलं. हे वाचताना दर वेळी मला आपली वाडी आठवते. जमीन गेलेलं घर पुन्हा उभं राहायला तीन पिढ्या जातात. अक्का तुला नाही म्हणणार नाही. म्हणूनच तू तिला विचारू नकोस.

आणि बिस्मार्क. “आपल्याला एक तसा कडक माणूस पाहिजे,” असंही तू म्हणालास. सालं मोज. तो सत्तेवर आला १८६२ ला. तोपर्यंत जकात-संघ अठ्ठावीस वर्षांचा, लीबिशची पोरं देशभर पसरलेली, सीमेन्सची कंपनी पंधरा वर्षांची, आणि क्रुपचं सांधा नसलेलं रेल्वेचं चाकपट्टं निघून दहा वर्षं झालेली. शेत तयार होतं, पिकात उभं राहून त्याने फोटो काढला. त्याचं स्वतःचं काय असेल तर १८७८ चा कायदा, ज्याने कामगारांच्या पक्षाच्या सभा आणि छापखाने बंद केले. आणि १८७९ ची ती जकात, ज्यात पोलादवाले आणि धान्यवाले जमीनदार हातात हात घालून बसले आणि कामगाराची भाकरी महाग झाली. आजारपणाचा, अपघाताचा, म्हातारपणाचा विमा त्याने १८८३ ते ८९ मध्ये दिला, तो जगात पहिला होता आणि चांगलाच होता. पण तोंड बंद ठेवण्याची ती किंमत होती. लोकसभेला विचारायचं नाही आणि कारखाना मात्र वाढवायचा, अशा देशाचं पुढे काय झालं ते १९१४ ने दाखवलं. कारखान्याची शिस्त शिकायची तर शीक. त्या राज्याची शिस्त शिकू नकोस.

आता तुझं. तुझ्या शेडमध्ये मी दिवाळीत चार दिवस बसलो होतो. तुझ्याकडे नऊ पोरं आहेत. त्यांतला एक, खालच्या गल्लीतला तो उंच पोरगा, जॉब उचलला की आधी गुण्या लावून उजेडाकडे धरतो. मी त्याला विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाला, कुणी नाही, एकाला बघितलं होतं. बाकीचे आठ व्हर्नियर कुठल्याही दाबाने लावतात, दर वेळी वेगळं माप येतं आणि मग तू मशीनला शिव्या देतोस. तुझं रिजेक्शन तिथे आहे.

मी शिकाऊ होतो तेव्हा पहिले तीन महिने फक्त कानस चालवली. लोखंडाचा हाताएवढा ठोकळा, सहाही बाजू काटकोनात करायच्या. रोज संध्याकाळी आमचे इन्स्ट्रक्टर गुण्या लावून खिडकीकडे धरायचे. फटीतून उजेडाची रेघ दिसली की ठोकळा परत हातात. तळहाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. पण त्यानंतर आजतागायत पत्र्याची कड बोटाखाली आली की ती सरळ आहे की नाही हे मला बघावं लागत नाही. जर्मन पोरं आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत घालवून हेच शिकतात, आणि त्यांचे मालक त्याचा खर्च धंद्यातला खर्च म्हणून धरतात. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. तुझ्या शेडमध्ये त्या कायद्याखाली एकही पोरगा नाही. दोन घे.

मोजायचं मशीन मात्र घे. एकट्याने नको. शिरोलीतले तुझे ते दोघे मित्र, ज्यांच्याशी तू ऑर्डरवरून भांडतोस, त्यांना बोलाव. तिघांत मिळून एक सीएमएम, एक वातानुकूलित खोली, एक पगारी माणूस. तिघांचेही जॉब तिथे मोजायचे. भांडण ऑर्डरचं असू दे, मापाचं नको. ते जमलं की तुमच्या तिघांच्यात एक नाका कमी झाला असं समज. पाच अक्षांचं मशीन दोन वर्षांनी बघू. तेव्हा तुझ्याकडे ते चालवणारा माणूस असेल, त्याच्यासाठी काम असेल, आणि कर्ज मशीनवरच मिळेल, जमिनीला हात लावावा लागणार नाही. त्या वेळी मार्जिनचे पैसे कमी पडले तर माझ्या भविष्य निर्वाह निधीतले थोडे आहेत. मामीशी माझं बोलणं झालंय.

त्या उंच पोराला पुढच्या महिन्यात पंधरा दिवस माझ्याकडे पाठव. पीण्यात माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं टूलरूम आहे, दिवसा तो तिथे बसेल, संध्याकाळी मी आहे. येताना बारा इंची बास्टर्ड कानस, एक गुण्या आणि तुमच्या भट्टीतला एक बिडाचा ठोकळा त्याच्याबरोबर दे. ठोकळा मशीनवर मारू नकोस, भट्टीतून निघाला तसाच खडबडीत असू दे. त्याला भाषेची अडचण येणार नाही, इथे यशवंतपूरच्या बाजारात भाजीवालीसुद्धा मराठी समजून घेते.

अक्काला नमस्कार सांग. तिच्या गुडघ्याचं औषध संपलं असेल, त्या पोराच्या परतीच्या वेळी पाठवतो.

तुझा मामा

ता. क. इम्पेलर तू इथेच विसरून गेलास. मी तो पुन्हा नीट बघितला. एका पात्याच्या मागच्या बाजूला, मुळापासून दोन बोटं वर, टूल थरथरल्याची बारीक लाट आहे. नखाने लागते. पोराबरोबर पाठवतो, त्यालाच शोधायला सांग.